आई गरवायला गेल्या तो शुक्रवार

फेब्रुवारीतल्या कोवळ्या, किंचित धुळकट उन्हात माझ्या सासूबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हलकेच सरकत होता. जप नव्हता तो, भरतीचा हिशेब होता. "आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसाताला पाणी भरणार," गाडीत मागच्या सीटवरून आईंनी जाहीर केलं. रत्नागिरीच्या खाडीकाठी त्यांचं बालपण गेलं. तिथे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात आणि ती सहसा चुकत नाही. म्हणून आम्ही हवल्लीतल्या घरून सकाळी सहालाच निघालो होतो.

आईंना आमच्याकडे आखातात येऊन तीन महिने होत आले होते आणि रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. या तीन महिन्यांत आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या एखाद्या पाहुण्यासारख्या वावरल्या. लिफ्टची बटणं चुकायची, रिमोट हातात नुसता धरलेला असायचा, आणि खिडकीतून येणारा सोनेरी, परका प्रकाश त्यांच्या गप्प चेहऱ्यावर तासन्‌तास पडून राहायचा. आमची अन्वी नऊ वर्षांची. तिने एकदा त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "शी डझन्ट नो एनिथिंग, ममा." आईंना इंग्रजी येत नाही, पण तेवढं बरोबर समजलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "महेश, जाण्याआधी मला एकदा गरवायला ने. पोरीलापण घे." गळ टाकून मासे धरण्याला त्या गरवणं म्हणतात. कशासाठी हा हट्ट, ते मला लगेच कळलं. नातीने आपल्याला एकदा तरी जाणती म्हणून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि अबू हलीफ्याच्या किनाऱ्यावर पोचतो तो काय, समुद्र जागेवर नाही! लांबवर ओली वाळू, उघडे पडलेले शेवाळी खडक, त्यांच्यामधून टुणटुणत पळणारे इवले खेकडे, आणि पाणी म्हणाल तर पार क्षितिजाशी चिकटलेली एक निळी रेघ. अन्वीने आजीकडे ज्या नजरेने पाहिलं ना, ती मला सहन होईना. मी घाईघाईने काहीतरी सावरायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच कमरेवर हात ठेवून खो खो हसायला लागल्या. "अगो बाई, इथं तर सुकती! आमचं गणित रत्नागिरीच्या दर्याचं. ह्या दर्याला ते कोण सांगणार?" तीन महिन्यांत ते हसू मी पहिल्यांदा ऐकत होते. महेश तर वाळूत बसूनच हसला.

"घरी जायचं?" अन्वीने विचारलं.

"घरी कशाला गो? चुकलं ते चुकलं. आता दर्यालाच विचारू," असं म्हणून आई अन्वीला घेऊन ओल्या वाळूतून पार पाण्यापर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी कडेला एक काटकी रोवली. मग आजी-नात तिच्याजवळ उकिडव्या बसून राहिल्या. आधी अन्वी कंटाळली, मग सरसावली, आणि थोड्या वेळाने पाणी काटकीवर किती बोटं चढलं ते ओरडून सांगायला लागली. चटईवर आम्ही डब्यातल्या घावन-चटणीचा फन्ना उडवत होतो. पाण्याच्या वरखाली होणाऱ्या आवाजात त्या दोघींचं काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, नुसत्या दोन पाठी दिसत होत्या, एक नऊवारीतली, एक गुलाबी जॅकेटातली. मला इतका आनंद झाला की महेशच्या वाटचं घावनही मीच खाल्लं.

दुपार कलताना पाणी खडकांना भिडलं. आईंनी गरीला कोलंबी लावली, शिसं बांधलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हाताने भिरकावली आणि ती अन्वीच्या तर्जनीवरून घेतली. "आता बोलायचं नाही. बोटाने ऐकायचं." आमची अखंड बडबडी पोर श्वाससुद्धा जपून घेऊ लागली.

"आजी! कुणीतरी ठोकतंय!"

"चाखतोय तो. थांब. अजून थांब. हां, आता ओढ!"

चंदेरी, पिवळ्या परांचा पालू मासा तडफडत वाळूवर आला तेव्हा अन्वी नाचली, किंचाळली, आणि मग एकदम शांत होऊन आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला कसं कळलं, तो आता खाणार ते?" आजीला असं काही विचारायची तिची ही पहिलीच वेळ होती. आईंनी पदराने डोळे टिपले आणि वारा झोंबतोय म्हणाल्या. वारा बिरा काही नव्हता.

आई रविवारी गेल्या. परवाच्या शुक्रवारी आम्ही तिघंच किनाऱ्यावर होतो. मी गरीला कोलंबी लावायला घेतली, तर अन्वीने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि रत्नागिरीला फोन लावला. "आजी, पाणी चढतंय. सोलून लावू की सालासकट? ममाला काही माहीत नाही." पलीकडून आईंचा भरदार, ऐटबाज आवाज वाळूवर सांडत राहिला आणि मी बाजूला उभी राहून तो मनसोक्त ऐकला. काळ माणसाला लांब नेतो, त्याची बसायची जागा रिकामी करतो. पण त्या माणसाला विचारण्यासारखं काही कुणाजवळ उरलं असेल, तर ते माणूस पुरतं गेलेलं नसतं.