चर्चमधून पळालेली नवरी

ऑपेरा शाळेच्या जिममध्ये होता. चार गायक, पाच वादक आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली उभा केलेला चर्चचा दरवाजा. आमच्या पाद्र्यांची मुलगी क्रिस्टन शिकागोला जाऊन संगीतकार झाली होती आणि तिनं रचला होता तो थेट आमच्याच गावावर. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात त्या दिवशी घरी कुणी राहिलं नसेल.

दुसऱ्या अंकात नवरी भर लग्नातून पळाली आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. कारण ती नवरी म्हणजे माझी बायको, आर्लिस. तरुणपणी तिनं ड्वेनला चर्चमध्ये ताटकळत ठेवून धूम ठोकली होती. माझ्याशी लग्न केलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. ड्वेन आता पुढच्याच रांगेत होता, शेजारी त्याची बायको लोइस.

रंगमंचावरची नवरी मात्र पार म्हातारी होईपर्यंत खिडकीत बसून झुरत राहिली. व्हायोलिन असं काही वाजलं की मीही चष्मा काढून डोळे पुसले. आणि आर्लिस? ती हसायला लागली. आधी रुमालात, मग मोकळ्या गळ्यानं.

मी कोपरानं ढोसलं. "अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. पहिल्यांदा थोडेच बघतायत?"

खेळ संपल्यावर क्रिस्टन बिचकतच आली. "काकू, दुखावलं का मी तुम्हाला?"

"छे गं! काय सुरेख रडवलंस सगळ्यांना. पण मी खिडकीत कुठली बसतेय? मी त्या संध्याकाळी बोलिंग खेळायला गेले होते. नवरीच्याच कपड्यांत."

ड्वेन मागं येऊन उभा राहिला होता. इतकी वर्षं दोघं पाऊसपाण्यापलीकडे बोलले नव्हते.

"आर्लिस, आता तरी सांग. का पळालीस?"

आजूबाजूचे लोक जवळ सरकले.

"आदल्या दिवशी जेवताना तू सगळ्यांना सांगितलंस, लग्नानंतर आर्लिस ट्रक चालवणं सोडणार. मला विचारलं होतंस?"

"एवढंच?"

"बघ, तुला ते अजूनही एवढंच वाटतं."

ड्वेन लालबुंद झाला. तेवढ्यात लोइस म्हणाली, "बाई, उपकार झाले तुझे! मला हा साधे पडदे घेतानाही दहादा विचारतो. धडा तू दिलास, फळ मी खातेय."

सगळ्यात आधी ड्वेनच हसला. त्यानं हात पुढे केला, आर्लिसनं तो दोन्ही हातांत धरला.

क्रिस्टननं विचारलं, "काकू, शेवट बदलू का?"

"मुळीच नको. ती बाई तुझी आहे, रडू दे तिला. फक्त उद्या मला पहिल्या रांगेत बसव. मागून तिचा चेहरा नीट दिसत नाही."