देवदार मान टाकत नाही

रंगरावाचा जन्म संग्रामपुरात रोपवाटिका सांभाळण्यात गेला, आणि त्याचा कायदा एकच: जे रोप मान टाकीन त्याले आधी पाणी. पपई, मिरची, वांगी, सगळी याच कायद्यावर जगली. उगाच का चार गावचे लोक त्याच्याकडून रोपं नेत होते?

त्याची पोरगी अश्विनी शेतकी कॉलेजात होती. तिनं हिमालयाकडचं बी आणून दोन वर्षं देवदाराची दीडशे रोपं वाढवली होती. तिकडच्या थंड मुलखात उद्या जो उन्हाळा येणार, तो आपल्याकडं आजच आहे. त्यात ही रोपं कशी तग धरतात, यावर तिची डिग्री अडलेली. परीक्षेसाठी अकोल्याला जाताना तिनं बजावलं, "बाबा, दिवसाआड एकेक गिलास. चुकवायचं नाही."

"हाव ना माय, मले शिकवतं का पाणी घालाले!"

मग एप्रिल असा तापला की सांगायची सोय नाही. बोअर आटली, टँकर आठवड्यातून एकदा. पपई दुपारीच मान टाकायची, की रंगराव बादली घेऊन धावला! देवदार मात्र ताठ, हिरवेगार. "हे खरे शहाणे, कधी मागत नाहीत," म्हणत तो त्यांचंही पाणी पपईला घालायचा.

तीन आठवड्यांनी अश्विनी आली. तिनं एक रोप उपटलं. मुळांचा चिमटीत भुगा झाला. दुसरं उपटलं, दहावं उपटलं. तेच.

"पण हिरवे हायेत ना वं!"

"देवदार मान टाकत नाही, बाबा. पाणी तुटलं की आधी वाढ थांबवते, मंग अंगातली साखर खाऊन दिवस काढते. ऊन जास्त तं साखर लवकर सरते. सरली की मेलं. पान मागून कितीक दिवस हिरवंच राह्यते."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"गिलास चुकवू नका म्हणून सांगितलं होतं."

पोरीची दोन वर्षं आपण आपल्या हातानं मारली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती रोपांच्या पिशव्यांवरच्या नंबराच्या चिठ्ठ्या काढत होती.

रोप जितं का मेलेलं, हे त्यानं उभ्या जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. आता त्यानं एक पिशवी उचलून तिच्यापुढं धरली.

"हे तरी?"

"नाही, बाबा."

त्यानं ती खाली ठेवली आणि पुढची उचलली.