म्हसोबाच्या बोकडाचा ठोकळा

बाजी म्हंजे माजा धाकला दीर. मेल्याचं नाव घेतलं तरी तोंड कडू हुतंय. आमचं धनी कड्यावनं पडून गेलं, त्यांची माती सुकली न्हाई तंवर ह्यो म्हनाय लागला, "वयनी, म्हसोबाच्या बोकडाचा मान आता माजा. बाईमानसाचा ठोकळा देवाला चालत न्हाई."

"कुटं लिवलंय रं?" म्या म्हनलं.

आमच्या ताम्हिणीला रीतच हाय. बोकडाचं मुंडकं टेकवायचा लाकडी ठोकळा ज्या घरचा, त्या घरानं जत्रंचा बोकड तोडायचा अन मुंडी घरी न्यायची. मान गेला की त्या घराला वाडीत कुत्रं इचारत न्हाई. नवरा गेलेल्या बाईला तर न्हाईच न्हाई.

जुना ठोकळा उलला हुता. खालच्या अंगाची चिंच धरणाच्या पान्यात जायची म्हनून तोडली हुती, तिचा बुंधा ओढून आनला. सुताराच्या वाकसानं तासला अन खरवतीच्या पाल्यानं घासत बसले. ह्यो पाला कानशीवानी खरबरीत, बोटांची सालटी निगाली. पन घासाय पायजेच. भगत भिवाजी ठोकळ्यावनं लोकरीचा पुंजका फिरवतोय, एक केस अडकला की ठोकळा बाद. देवाच्या वाट्यात कुसळ गेलं तर कोप हुतोय म्हनत्यात.

जत्रंच्या आदल्या दुपारी खुरासणीचं तेल चोळत हुते. बाजी कोयता घिऊन अंगनात आला. सरळ ठोकळ्यावर घाव घातला. ही ढलपी उडाली!

"आरं मुडद्या!" म्हनत म्या ठोकळ्यावर आडवी पडले. त्यानं दुसरा घाव घातलाच. माज्या उजव्या हाताची दोन बोटं तुटून मातीत पडली.

आय आय गं, काय सांगू! डोळ्यांपुडं काळोख आला. पन राग त्याच्याहून मोटा. डाव्या हातानं वरवंटा उचलला अन दिला त्याच्या थोबाडावर. कडकन आवाज झाला. दात थुकत खाली बसला. मग नडगीवर दिला. "जित्ता सोडनार न्हाई तुला!" म्या म्हनलं. त्यो गुरावानी वरडत, लंगडत पळाला.

हळद दाबली, चिंधी आवळली, अन डाव्या हातानं परत वाकस धरला. घावाच्या तळापातूर तासलं, मग पाला घेतला. रडत हुते, शिव्या देत हुते, घासत हुते. ठोकळा गुळगुळीत हुईस्तवर उठले न्हाई.

सकाळी देवाम्होरं ठोकळा ठेवला तवाबी चिंधीतनं रगात गळत हुतं. भिवाजीनं लोकर फिरवली. पांढरी लोकर लाल झाली, पन अडकली न्हाई कुटं.

"कोंडाबाई, रगात कुनाचं ह्ये?"

म्या हात वर केला. बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. भिवाजी लोकर कमरंला खोवत म्हनला, "ठोकळा तुजा, मान तुजा. पन ह्या हातानं कोयता कसा धरशील, बये? तोडाय बाजीला दे."

थोबाड बांधलेला बाजी लगी म्होरं सरकला. डोळं कसं लकाकलं मेल्याचं!

म्या कोयता डाव्या हातात घेतला. "तोडनार मीच. भाऊजी, तुमी बोकडाच्या तंगड्या धरा. अन बोटं जरा लांब ठेवा, डावा हात माजा अजून नवा हाय."

त्यानं धरल्या. पार खालनं, खुरांपाशी.