भगवानरावांची खुर्ची

या सगळ्यात रत्नपालला काय सुटणार, याचा हिशेब भगवानराव त्याच्या समोर बसूनच मांडत होते. नव्या बंगल्याच्या नकाशाची त्याची फी ठरलेली. बंडेप्पा सुताराकडून कमिशन म्हणावं, तर तो देवाची शपथ घेऊन नाही म्हणाला होता. आणि तरी हा पोरगा खुर्च्या, बाकं, माठाची तिवई, अगदी कपडे टांगायची खुंटीसुद्धा स्वतःच कागदावर रेखून देत होता. वरचा पैसा न मागता! आळंदच्या बाजारात तुरीच्या आडतीवर हयात घालवलेल्या माणसाला एक पक्कं ठाऊक होतं : जो फुकट देतो, तो वजनात मारतो.

रत्नपालनं आज कच्च्या फळ्यांची नमुन्याची खुर्ची आणली होती. बसायची फळी वर-खाली सरकवता येत होती. त्यानं आधी भगवानरावांच्या बायकोला, राजूबाईंना बसवलं.

"बया, मला कामून? मी कुठं बसायली खुर्चीवर!"

"पाय टेकत न्हाईत म्हणूनच बसत न्हाई तुम्ही, काकू." त्यानं फळी खाली घेतली. "आता?"

राजूबाईंनी तळवे फरशीवर टेकवून पाहिले आणि त्या लाजल्यागत हसल्या. "ब्येस वाटायलंय की रं."

भगवानरावांना हसू आलं नाही. त्यांनी बैठकीचा कागद ओढून घेतला. तीन भिंतींना लागून बाक. सगळीकडं एकच उंची.

"यात माझी जागा कोणती?"

"वाटंल तिथं बसा की, काका. समदी सारखीच हाय."

"आन् हे माप कुणाचं?"

"काकूंचं. घरात सगळ्यात कमी उंची त्यांची. त्यांचे पाय टेकले की समद्यांचे टेकतात."

तेव्हा कुठं आकडा जुळला. रत्नपालचा बाप नरसिंग त्यांच्याच आडतीवर हमाल होता. भगवानराव वर गादीवर, नरसिंग खाली पायरीवर, चहाचा कपसुद्धा वेगळा. त्याचं पोरगं आता कलबुर्गीत आर्किटेक्ट झालं आणि आमच्याच बंगल्यात आम्हाला सपाट करायला निघालं. असं आहे होय!

पुण्याहून मुलाचा, बालाजीचा, फोन आला तेव्हा त्यांनी हे त्याच्या कानावर घातलं. काम रत्नपालला द्यायचा आग्रह त्याचाच.

"बाबा, माझ्या वर्गातला हाय तो. समद्यात संशय कामून घ्यायलाव?"

"तू गप. तुला बाजार कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नपालला सांगून टाकलं, "माझी खुर्ची येगळी पायजे. आन् उंच. बाकावर बसलेल्या समद्यांच्या वर दिसली पायजे."

"पाय लोंबतील, काका."

"लोंबू दे. पाय माझे हायेत."

रत्नपालनं कागदावर उंचीचा आकडा वाढवून लिहिला. मग म्हणाला, "बरं."

खुर्ची आली. सागवानी, सांध्यात केस जाणार नाही अशी. भगवानरावांनी ती हलवून पाहिली, उलटी करून पाहिली. एकही खोट सापडेना, तेव्हा त्यांचा संशय आणखी वाढला.

वास्तुशांतीच्या दिवशी बैठक गच्च भरली. राजूबाई शेजारणींबरोबर बाकावर बसून, जन्मभर तिथंच बसत आल्यासारख्या बोलत होत्या. भगवानराव वर, खुर्चीवर. येणारा मान उंच करून नमस्कार घाली आणि शेजाऱ्याकडं वळे. तुरीचा भाव, कुणाची सोयरीक, गप्पा सगळ्या खालच्या खाली चाललेल्या. "काय म्हणालात?" असं त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पायांना मुंग्या आल्या होत्या. उतरावं, तर चढताना सगळ्यांनी पाहिलेलं. रत्नपाल हसतोय की काय म्हणून ते सारखे दाराकडं बघत होते. तो कुणाला तरी खिडकी दाखवत होता.

एवढ्यात नरसिंग आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. "जय भीम, मालक." रत्नपालनं बापाचा हात धरून त्याला बाकावर बसवलं. एका व्यापाऱ्याला तेवढ्यात फोनची आठवण झाली आणि तो बाहेर गेला. बाकीचे सरकून बसले. हेच, हेच पायजे होतं या पोराला, भगवानराव मनात म्हणाले. आणि नेमकी त्याच वेळी पोटरीतून अशी कळ गेली, की तोंड वाकडं झालं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. नरसिंगच्या आलं. तो उठला, पूजेच्या जागेवरून एक पाट घेऊन आला, खुर्चीपुढं वाकला आणि भगवानरावांचा एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला.

"मालक, पाय सुजायलेत. बोलायचं न्हाई व्हय?" त्यानं पोटरीवरून हात फिरवला.

राजूबाईंनी पदर तोंडाशी नेला. 'राहू दे, नरसिंग' एवढंच भगवानरावांना म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण पायांत रक्त परत येत होतं, बरं वाटत होतं. त्यांनी पाय तसेच पाटावर राहू दिले.

त्यांनी रत्नपालकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो चेहरा त्यांना वाचता आला, आणि त्यात कमाई म्हणावी असं काही नव्हतं. पोरगा बापाच्या पाठीकडं बघत होता.

खुर्ची मागितली भगवानरावांनी. घडवून दिली रत्नपालनं. पैसे आडतीतून गेले. वाकला नरसिंग.