चौथा आकडा

हेडफोनच्या स्पंजला एका जागी टवका उडाला होता, नखाएवढा, अर्ध्या चंद्रासारखा, आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं तिचं बोट सकाळपासून पुन्हा पुन्हा तिथेच जात होतं. तिनेच पाडला असणार तो, गेल्या तीन आठवड्यांत, गाणं सुरू व्हायची वाट बघता बघता... पण तिच्या नखापेक्षा तो जरा मोठाच होता.

"टेक बावीस," काचेपलीकडून मास्तर म्हणाले. रेकॉर्डिंगच्या यंत्रांपुढे त्यांचा जन्म गेला होता, आणि ते कधी कोणावर चिडत नसत, हीच त्यांची सगळ्यात मोठी दहशत होती. "सावकाश येऊ दे बाई. संध्याकाळपर्यंत खोली आपलीच आहे. उद्यापासून मात्र दुसऱ्या कोणाची."

मग कानात मोजणीचा तो आवाज आला. एक... दोन... तीन... आणि चौथ्याच्या जागी काहीच नाही. त्या रिकाम्या जागेनंतर तिने पहिला शब्द म्हणायचा होता –

घर मोकळं मोकळं, दार लोटलेलं पुढं
कोण उभं अंगणात, कोण पाऊल ना काढं

– आणि तिला तो म्हणता आला नाही. बाविसाव्यांदा. शब्द ओठांशी होते, श्वास भरलेला होता, पण ती त्या रिकाम्या जागेत उभी राहिली आणि गाणं तिच्याशिवाय पुढे निघून गेलं.

"जेवून घ्या सगळे," मास्तर म्हणाले.

पहिला अल्बम एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला होता. भिंतींना जुन्या गाद्या टांगून, चार दिवसांत, कोणी ऐकेल अशी आशा न धरता. आणि लोकांनी असा काही डोक्यावर घेतला की ती भांबावूनच गेली. मोठमोठे रकाने छापून आले. एकाने लिहिलं, या मुलीच्या प्रत्येक गाण्याआधी एक रोखलेला श्वास आहे, तोच खरं गाणं आहे. ते वाक्य तेव्हा तिने मोरपिसासारखं जपलं होतं. आता ते छातीवर धोंड होऊन बसलं होतं, कारण दुसऱ्या अल्बमकडून सगळ्यांना तोच श्वास हवा होता. आठ गाणी कशीबशी झाली होती. नववं हे. आज झालं नाही तर अल्बम त्याच्याशिवाय जाणार होता, आणि एवढं एकच गाणं तिचं होतं. बाकीची आठ तिने स्वतःचीच नक्कल करून म्हटली होती, हे तिला माहीत होतं, आणि बहुतेक मास्तरांनाही.

मोजणी चिकटवायची कल्पना पंडितची. गिटार वाजवणाऱ्याला सगळे पंडित म्हणत, कारण जगातली कुठलीही गोष्ट त्याला आधीच ठाऊक असे. पहिल्या अल्बमच्या फितींवर प्रत्येक गाण्याआधी दादाची मोजणी होती. एक, दोन, तीन. चौथा आकडा मनातल्या मनात, म्हणजे बोलणं गाण्यात मिसळत नाही. दादा, तिचा सख्खा थोरला भाऊ, तेव्हा ड्रम वाजवायचा. मग त्याचं मनगट कायमचं दुखावलं, आणि तो एका शाळेत गणित शिकवायला लागला. त्याच्या जागी नवा आला. येऊन दोन वर्षं झाली तरी त्याला नवाच म्हणत. पंडित म्हणाला, दादाची मोजणी कापून नव्या गाण्यांच्या आधी लावू, म्हणजे तो आपल्यात असल्यासारखं होईल. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवा तेवढा म्हणाला, "म्हणजे मी इथे आहे, हे कोणाच्या लक्षात आहे ना?"

जिन्यात बसून तिने दादाला फोन लावला. मधल्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता.

"बोल छोटे. संपला का अल्बम?"

"एक गाणं राहिलंय. दादा, ऐक ना... तुझी मोजणी वापरलीये आम्ही. सगळ्या गाण्यांना. तुला सांगायचंच राहिलं."

"कसली मोजणी?"

"एक, दोन, तीन. पहिल्या अल्बमची."

तो हसला. "अगं खुळे, मी कुठे मोजायचो? मी काठीवर काठी आपटायचो. आणि तोंडाने मोजणार कसा? तोंडात तिसरी काठी नसायची का माझ्या!"

खरंच की. जादा काठी दातांत धरून वाजवायची त्याची खोड. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तोच फोटो होता, दादा, घामाने निथळलेला, दातांत आडवी काठी. हजार वेळा पाहिलेला फोटो. तिने, पंडितने, मास्तरांनी, सगळ्यांनी... आणि कोणाच्याही मनात आलं नाही.

"मग कोण मोजतंय?"

"पंडित असेल. नाहीतर तूच."

पंडितचा आवाज घोगरा होता. आणि ती – ती तर तेव्हा श्वास रोखून उभी असायची. तो आवाज... ना बाईचा, ना पुरुषाचा, घरातल्या माणसाचा वाटावा असा, दाराच्या फटीतून येणारा –

कपाट. आईच्या साड्यांचा थंड, कापरासारखा वास. ती सहा वर्षांची, गुडघे पोटाशी धरून, दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ तिच्या पायाच्या अंगठ्यावर. बाहेर दादा मोजतोय. एक... दोन... तीन... आणि मग काहीच नाही. ती वाट बघत राहिली. चार म्हटल्याशिवाय शोधायला यायचं नाही, आणि शोधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. रेघ अंगठ्यावरून सरकत भिंतीवर गेली. दादा मोजता मोजता खेळायला पळाला, असंच ती जन्मभर समजत आली होती, आणि त्या दुपारचा राग तिच्या सगळ्या गाण्यांच्या तळाशी होता.

"दादा, ती कपाटातली दुपार... तू मला लपायला लावून पळालास, ती."

"छोटे, किती वेळा सांगू? मी नव्हतो गं घरी. दात पाडायला नेलं होतं मला आईने. तू झोपली होतीस म्हणून तुला ठेवून बाहेरून कडी लावून गेलो. आलो तर तू कपाटात." घंटा झाली. "चल, वर्गावर जायचंय. नीट गा. आणि जेव काहीतरी."

ती जिन्यात बसून राहिली. खाली कोणीतरी दार उघडून मिटलं. आपण किती वर्षं भलत्याच माणसावर रुसलो होतो...

आत आल्यावर तिने मास्तरांना एवढंच सांगितलं, की मोजणी दादाची नाही. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. पंडित जुळलेल्या तारा पुन्हा जुळवायला लागला.

"काढून टाकू का?" मास्तर म्हणाले. "एका मिनिटाचं काम आहे. नवा काठ्या वाजवेल."

"वाजवतो की," नवा घाईने म्हणाला.

तिने नव्याकडे पाहिलं. काठ्या त्याने हातात घेतल्याही होत्या.

"आत्ता राहू दे," ती म्हणाली.

जाड दार मागे मिटलं. दिवा मंद केला होता. काचेतून आलेली उजेडाची एक रेघ जमिनीवरून तिच्या पावलापर्यंत आली होती. तिने हेडफोन चढवला. बोट टवक्यापाशी गेलं, आणि तो आता बोटाला नेमका बसला.

एक.

इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की आपण वाट बघतोय. कोणी येईल, दार उघडेल, सापडलीस म्हणेल.

दोन.

पण जे कोणी बाहेर होतं, तेही तिथेच होतं. कपाटाबाहेर, छापखान्याच्या खोलीत, इथे. तीनवर येऊन थांबलेलं. त्याला पुढचा आकडा येतच नसेल तर? किंवा तो म्हणायचा मान आत लपलेल्याचा असेल, आणि तिने तो कधी म्हटलाच नाही...

तीन.

ती रिकामी जागा आली. ओळखीची, थंड, कापराच्या वासाची. ती भीतीची वाट बघत उभी राहिली, आणि भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, झोपेतून उठलेल्या लेकरासाठी यावं तसं. किती उभं राहायचं एखाद्याने दाराशी... पाय दुखले असतील.

तिने ओठ उघडले. गाण्यासाठी, की त्या आकड्यासाठी, ते तिचं तिलाच अजून ठरवायचं होतं.