शालीखालचं बटण

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कार पार्कमध्ये त्या रविवारी एवढी माणसं जमली की गार्ड धावत आला. त्याला वाटलं, अपघात झाला. अपघात नव्हता, चमत्कार होता. आमच्या जुन्या जर्मन गाडीच्या अंगातून मंगळ काढायचं चाललं होतं.

गाडी सौमित्रची, म्हणजे माझ्या नवऱ्याची फार लाडकी. कातडी सीट, लाकडी डॅशबोर्ड, सगळा थाट. पण हायवेला लागली की तापमानाचा काटा लालकडे धावायचा. ती दुरुस्तीला न्यायची सोडून तांजोंग पगारच्या ऑफिसांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आमच्या ओळखीच्या श्रीनिवासरावांनी आपल्या घरी उतरलेल्या शीतलनाथ महाराजांना आणलं, आणि सौमित्रने त्यांना हार घातला. सौमित्र मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे इथेच सांगून टाकते.

"वाहन म्हणजे देह. इंजिन म्हणजे जठराग्नी," महाराज म्हणाले. "मी पत्रिका पाहिली. मंगळ बिघडलाय."

"गाडीची पत्रिका?" मी विचारलं.

"रजिस्ट्रेशनची तारीख हीच तिची जन्मवेळ, ताई. हे क्वांटम आहे."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांत पीएचडी झालेलेही होते.

इंजिन चालूच ठेवलं होतं. काटा लालच्या तोंडाशी आला तसे महाराज पुढच्या सीटवर बसले. बाहेर पडणाऱ्या ग्रहाची नजर कुणाला लागू नये म्हणून त्यांनी डॅशबोर्डवर भगवी शाल पसरली, एसी बंद करवला, काचा खाली घेतल्या आणि शालीखाली हात घालून मंत्र सुरू केला. थोड्याच वेळात एसीच्या झडपांतून गरम वाफाऱ्यासारखा वारा आला.

"निघाला! हात लावून बघा!"

लोकांनी हात पुढे केले आणि चटका बसल्यागत मागे घेतले. काटा खाली येत होता. श्रीनिवासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी महाराजांनी एका गोल बटणाला लाल दोरा बांधला. "हे हलवायचं नाही. एसी लावायचा नाही. बॉनेट उघडायचं नाही. मंगळ सावकाश जातो."

इथवर सगळी करमणूक होती. पण साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई, लीलाबाई, पुढे झाल्या आणि वाकून म्हणाल्या, "महाराज, माझंही डोकं असंच तापतं. प्रेशर आहे."

"गोळ्या घेता? तिथेच चुकतंय, आजी. गोळ्या उष्णता आत कोंडतात. बंद करा. गाडीसारखंच निघून जाईल."

सासूबाईंनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. मी भांडले. सौमित्र म्हणाला, "राहू दे ना थोडे दिवस. आनंदात आहे ती."

मग आम्ही त्या गाडीतून घामाने निथळत फिरू लागलो. सिंगापूरच्या उकाड्यात काचा उघड्या, वर तोंडावर गरम वारा. सौमित्र ऑफिसात सांगायचा की एसी बिघडलाय. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि विद्यार्थ्यांसमोर उभी राहताना मला स्वतःची लाज वाटायची.

एके दिवशी सासूबाईंना लिफ्टमध्ये भोवळ आली. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि गोळ्या कुणी बंद केल्या म्हणून विचारलं. सौमित्र खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. शेवटी मीच म्हणाले, "आमची गाडी बरी करणाऱ्या एका महाराजांनी." बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "या वेळी भोवळेवर निभावलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी अर्धं अंग जाईल."

परतताना सासूबाईंनी गोळ्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली. "गाडीला गुण आला, मलाही येईल. इंजिनिअरच्या डोळ्यांदेखत आलाय. तो खोटं बोलेल का?"

मागच्या सीटवरून आमची लेक जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, दिस वन हीटर लाह! जपानला, होक्काइडोला स्नोमध्ये रेंटल कार होती ना? सेम सेम. पप्पानेच ऑन केलेला."

सौमित्रने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे नजर वळवली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे बाराही महिने उन्हाळा. गाडीतलं ते बटण लाल खुणेकडे कुणी जन्मात फिरवत नाही. हीटर नावाची वस्तू गाडीत असते हेच आम्ही सगळे विसरून गेलो होतो, आणि महाराजांचा धंदा त्या विसरण्यावर चालला होता.

त्यानंतरच्या रविवारी महाराजांना निरोप द्यायला तीच मंडळी कार पार्कमध्ये जमली. मी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि दोरा कात्रीने कापला.

"ताई, अनर्थ होईल!" महाराज ओरडले. "अश्रद्ध हाताने..."

"बटण आईच फिरवणार आहेत. तुमच्यावर त्यांच्याइतकी श्रद्धा इथे कुणाची आहे?"

सासूबाईंनी भीत भीत बटण निळ्या खुणेकडे नेलं. गार्ड इंजिन बंद करा म्हणत होता, त्याला हात जोडून थांबवलं. काटा चढला, लालला टेकायला आला. "आता लाल खुणेकडे फिरवा, आई. मंत्र नको, शाल नको." त्यांनी फिरवलं. गरम वारा सुटला. काटा उतरला. त्यांनी आपणहून पुन्हा निळीकडे नेलं, पुन्हा लालकडे. तिसऱ्या खेपेला त्यांनी बटण भराभर फिरवलं.

मी सांगितलं, "इंजिनमधून रेडिएटरकडे पाणी जातं, त्या वाटेवर एक छोटं दार असतं. थर्मोस्टॅट. इंजिन तापलं की ते आपोआप उघडतं. आपलं बहुधा जाम झालंय, म्हणून उष्णता आत कोंडते. हीटर लावला की त्यातली थोडी आपल्या तोंडावर येते, बस. दार तसंच जाम राहतं."

"मग ते दार बदलता येत नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

सौमित्र गाडीच्या मागे गेला. डिकीतल्या स्टेपनीखालून त्याने एक खोकं काढलं. "हा नवा थर्मोस्टॅट. कंपनीचा नाही, दुसऱ्यांनी बनवलेला, पण या गाडीला बसतो."

"कधी आणलास?" सासूबाईंनी विचारलं.

"महाराज यायच्या आधी."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"थर्मोस्टॅटचा संशय आधीच होता. हीटरचं दुसऱ्याच दिवशी बटण पाहिलं, तेव्हा कळलं. पण तू इतकी खूश होतीस, आई. आणि श्रीनिवासरावांसमोर कसं..."

"आणि मी गोळ्या सोडल्या, तेव्हा?"

तो खोक्यावरचं नाव वाचू लागला. महाराज एव्हाना लिफ्टकडे सटकले होते. श्रीनिवासराव "असो, ज्याची त्याची श्रद्धा" म्हणत त्यांच्यामागे गेले. इतरांनी फोन काढून त्यात डोकं घातलं. मी तिथे उभी होते आणि लाजेने कान तापले होते. महाराजांची लाज मला वाटली नाही, ते आपलं पोट भरत होते. माझ्या माणसाची वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा काढली आणि ओळखीच्या गॅरेजात थर्मोस्टॅट बसवायला निघाला. सासूबाईंनी त्याला दारात अडवलं. "आधी मला दाखव. तुझ्या शब्दावर आता नाही."

चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. दोऱ्याला बांधून त्याने नवा थर्मोस्टॅट पाण्यात सोडला. मधली चकती हळूहळू वर उचलली गेली, फट दिसू लागली. संध्याकाळी तो जुना घेऊन आला, हाताला रेडिएटरमधल्या कूलंटचा वास. जुनाही त्याच पातेल्यात टाकला. पाणी उसळत राहिलं, चकती हलली नाही. काटा आता मधोमध राहतो आणि एसी लावता येतो, असं तो म्हणाला. सासूबाई स्वतः खाली जाऊन, गाडीतून एक फेरी मारून आल्या.

मग त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि कुठली गोळी काय करते ते मला एकेक विचारलं. सौमित्रने पाण्याचा पेला पुढे केला होता. त्यांनी तो घेतला नाही. माझ्या हातून घेतला.

कुणी शाल पसरून चमत्कार दाखवत असेल तर शाल उचला, एवढंच माझं मागणं आहे. आणि शालीखालचं कळूनही गप्प बसलेला कुणी तुमच्या घरात असेल, तर आधी त्याला बोलतं करा. महाराज विमानाने निघून जातात. तो घरातच असतो.