पहिल्या साहेबाचे दात

मिझोरममधल्या आमच्या गावात चर्चला शंभर वर्षं झाली. मिशनचा इतिहास टिपून ठेवायला मी रविवारच्या शाळेतली मुलं घेऊन सर्वांत म्हाताऱ्या पी थनपुईंकडे गेलो. चर्चचे ज्येष्ठ कारभारी पू झाखुमाही आले. आमच्याकडे आजीला 'पी' आणि आजोबांना 'पू' म्हणतात.

पी म्हणाल्या, "पहिल्या मिशनरी साहेबाचं प्रवचन कुणी ऐकलंच नाही. तो तोंडातून दात काढायचा नि परत बसवायचा. माझी आई म्हणाली, याचा देव मेलेल्यांनाही उठवत असणार! गावातला पहिला बाप्तिस्मा तिचाच."

"हे लिहू नका रे!" पू ओरडले. "शोभतं का? आणि पुरावा काय?"

"झाखुमा, माझ्या आईला इतिहासातून पुसतोस?" पींनी तोंडातले दात काढून टेबलावर ठेवले. "हा घे पुरावा! साहेब जाताना आईला देऊन गेला. आता मी वापरते."

"परत एकदा, पी!" मुलं किंचाळली.

पू दचकून मागे सरकले आणि मुकाट्यानं लिहायला बसले.

आता चर्चमध्ये काचेच्या पेटीत ते दात आहेत, शेजारी पींच्या आईची गोष्ट. नाताळच्या गावजेवणात पेटी रिकामी असते. डुकराचं मटण चावायला पींना दात लागतात.